तनुजा मॅडमचं टाचण

तनुजा मॅडमचं अक्षर बघत राहावं असं होतं. देगलूर तालुक्यातल्या त्या शाळेत फळ्यावरचा सुविचार, पंधरा ऑगस्टच्या पाट्या, निवृत्त होणाऱ्या मास्तरांची मानपत्रं, इतकंच काय, संस्थेच्या सचिवांच्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांच्या खोल्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यासुद्धा त्यांच्याच हातच्या. बाकीचे मास्तर म्हणायचे, "मॅडम, तुमचं अक्षर लई मोत्यावानी, तेवढं आमचं बी लिहून द्या की." मॅडम लिहून द्यायच्या. नाही म्हणायला जीभ उचलायची नाही, हा त्यांचा एक दोष. दुसरा दोष असा की त्या टाचण खरं लिहायच्या.

शाळेत त्या मॅडम, घरात तनुजा. आपण तनुजाच म्हणू, कारण गोष्ट काही मानानं सांगण्यासारखी नाही.

उद्या कोणत्या तासाला काय शिकवणार, ते मास्तरानं आदल्या दिवशी एका जाड वहीत आखून लिहायचं आणि त्याखाली हेडमास्तरानं सही करायची, याला टाचण म्हणतात. रीत चांगली आहे. पण रीत चांगली असली म्हणून माणसं सुधारतात असं थोडंच असतं? त्या शाळेत बाकीचे सगळे मागच्या साली लिहिलेलं यंदा उतरवून काढायचे. हेडसर व्यंकटराव शनिवारी तोंडात पान धरून, खांद्यानं मोबाईल कानाला दाबून, सहा दिवसांच्या सह्या एका दमात ठोकायचे. पानावर काय आहे हे बघायला त्यांना सवड नव्हती आणि गरजही नव्हती. शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो. त्यात सगळे लिहायचे, "घटक पूर्ण." तनुजा लिहायची, "सात मुले कापूस वेचायला गेली. भागाकार कळला नाही, पुन्हा घ्यावा." तिला डी.एड.ला असताना एका बाईंनी सांगितलं होतं की टाचण म्हणजे मास्तरचा आरसा. ते तिनं खरं धरलं. काही माणसं शिकवलेलं खरं धरतात, आणि मग आयुष्यभर त्याचं भोगतात.

माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागेतलं. बाप म्हणाला होता, पोरगी शिकलेली आहे, नोकरी लावून देणारं घर बघू. सासरच्यांनी लावून दिली, पण विनाअनुदानित शाळेत. अकरा वर्षं ती त्या शाळेत राबली. पगार म्हणजे दिवाळीला संस्थेकडून एक साडी आणि सचिवांची शाबासकी. नवरा खताच्या दुकानात बसायचा. सासू यशोदाबाई रोज सकाळी डबा भरताना ऐकवायची, "निघाल्या आमच्या बिनपगारी फुल अधिकारी." अकरा वर्षं तेच वाक्य, पण टोचायचं रोज नव्यानं.

आणि त्या साली शाळा अनुदानात आली. आता पगार सुरू व्हायला फक्त तनुजाच्या मान्यतेची फाईल लातूरच्या ऑफिसात जायची होती. फाईलवर सचिवांची सही लागत होती. सचिव म्हणजे आदिनाथ अण्णा, पांढरेफेक कपडे, बोलणं गुळाचं. अण्णा म्हणायचे, "करू की पोरी, कुठं पळून चालली फाईल?" तनुजाचा जीव त्या एका सहीत अडकला होता. रात्रंदिवस तिला तेवढंच दिसायचं.

त्याच जूनमध्ये सहावीत अंबिका आली, तिच्याच वर्गात. सीमेजवळच्या खेड्यातली पोर, पाचवीपर्यंत तेलंगणात आजीपाशी वाढलेली. बाप हैदराबादला सेंटरिंगच्या कामावर, आई लक्ष्मम्मा घरची दोन एकर कोरडवाहू बघायची आणि उरलेल्या दिवशी दुसऱ्याच्या रानात जायची. घरात बोलणं तेलुगू. पोरीची मराठी लंगडत चालायची. पहिल्याच दिवशी एका मास्तरानं तिला उभं केलं, तर घाबरून तोंडातून निघालं, "एंदुकु सार?" म्हणजे का हो सर. झालं. अख्ख्या शाळेनं तिचं नाव एंदुकु ठेवलं.

नाव ठेवण्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. शाळेत खिचडीच्या तांदळाची एक खोली होती. खिडकी नाही, लोखंडी दार, कडी बाहेरून. मधल्या सुट्टीत सातवी-आठवीतली चार-पाच पोरंपोरी अंबिकाला तिथं नेऊन कोंडायची. सोडवायची एकच अट, आतून शुद्ध मराठीत माफी मागायची. ती मागायची. "मला माप करा," म्हणायची. बाहेर हसण्याची लाट. "माप न्हाई गं, माफ. परत म्हण." परत म्हणायची, परत चुकायचं. घंटा झाली की कडी निघायची. तांदळाच्या खोलीत उंदीर होते. एकदा पोरीचा परकर ओला झालेला सगळ्यांनी बघितला आणि मग आठवडाभर तिच्या बाकड्यावर कोणी बसलं नाही. ही पोरं काही राक्षसाच्या पोटची नव्हती. घरी आईबापाच्या पाया पडणारी, गणपतीत आरती म्हणणारी साधी पोरं होती. त्यांना मजा येत होती, बस, एवढंच.

तनुजाला हे नागपंचमीच्या आठवड्यात कळलं. तिनं पोरांना दटावलं, पोरं दोन दिवस गप्प बसली. मग तिनं हेडसरांच्या कानावर घातलं. हेडसर म्हणाले, "लेकरं हायेत मॅडम, खेळूलालेत. तुमी भागाकार शिकवा." तनुजा तोंड मिटून परत आली. फाईल जायची होती ना. पण मन खाऊ लागलं, तेव्हा तिनं तिच्या सवयीचं काम केलं. टाचण उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, "मधल्या सुट्टीत मोठी मुले अंबिकाला धान्याच्या खोलीत कोंडतात. खोलीची बाहेरची कडी काढून टाकावी, ही विनंती." शनिवारी हेडसरांनी पान चघळत सही केली. पोळ्याच्या आधी तिनं हेच परत लिहिलं, परत सही. गणपतीतल्या महालक्ष्म्या उठल्यावर तिसऱ्यांदा लिहिलं, "कडी अजून आहे." त्याखालीही सही.

आता कोणी विचारेल, अगं बाई, तीन वेळा लिहिण्यापेक्षा एक दिवस पेचकस घेऊन गेली असतीस आणि ती कडीच उपटून टाकली असतीस तर? चार स्क्रूचं काम. पण नोकरीतल्या माणसाला लिहिलं की केल्यासारखं वाटतं. सांगितलं, लिहिलं, वरिष्ठांची सही झाली. तनुजाला त्या रात्री चांगली झोप लागली.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी लक्ष्मम्मा शाळेत आली. उंच, काळीसावळी, कामानं रापलेली बाई. ग्रामपंचायतीतल्या पोराकडून अर्ज लिहून आणला होता, पदराच्या गाठीत घडी करून. म्हणाली, "म्याडम, पोरगी साळंला यायला नको म्हनून राहिली. ह्यो अर्ज कुनाकडं द्यायचा?"

तनुजाला एकदम धास्ती वाटली. अर्ज गेला की हेडसर बिथरणार, अण्णांपर्यंत जाणार, आणि अण्णा विचारणार, वर्ग कुणाचा? ती म्हणाली, "अर्ज कशाला अक्का? मी लिहून ठेवलंय ना. हे बघा." तिनं टाचण उघडून दाखवलं. "हे मी लिहिलेलं. ही हेडसरांची सही. एकदा नाही, तीनदा. अर्जापेक्षा हे पक्कं असतं."

लक्ष्मम्माला वाचता येत नव्हतं. पण सही कशी असते ते तिला ठाऊक होतं, सातबाऱ्यावर बघितली होती. तिनं त्या तिन्ही सह्यांवरून बोट फिरवलं. "म्हंजे साळंला म्हाईत झालं."

"झालं ना. रेकॉर्डवर आलं."

"मंग तुमच्यावर सोडते म्याडम," असं म्हणून तिनं अर्ज परत पदरात बांधला आणि निघून गेली. तनुजाला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू.

पितृपंधरवड्यातल्या एका मंगळवारी, मधल्या सुट्टीत, तनुजा स्टाफरूममध्ये अण्णांच्या वाढदिवसाचा शुभेच्छाफलक रंगवत बसली होती. तिकडं अंबिकानं त्या दिवशी पहिल्यांदा विरोध केला. दार लागताना तिनं उजवा हात फटीत घातला. तिला वाटलं असेल, हात बघून थांबतील. दोघांनी खांदा लावून दार रेटलं. आणखी एकानं कडी घातली, ती बसेना म्हणून लाथ मारली, मग बसली. आतून जे ओरडणं आलं त्यालासुद्धा पोरं आधी हसलीच, कारण ती तेलुगूत ओरडत होती.

अंगठ्याशेजारची दोन बोटं गेली. तनुजा धावत आली तेव्हा पोर भिंतीला टेकून बसली होती आणि रडत नव्हती. गाडी बोलवायला माणूस गेला. गाडी यायला वेळ होता, तेवढ्यात हेडसरांनी शिपाई सटवाजीला दोन कामं सांगितली. एक, कडी काढ. दोन, उंबरा धुऊन काढ, लोकं येतील. दीड महिना निघत नव्हती ती कडी पाच मिनिटांत निघाली. उंबराही स्वच्छ झाला, दोन बादल्या पाण्यानं. नांदेडला पोचेपर्यंत दोन तास गेले. तिथल्या डॉक्टरनं पहिलं विचारलं, "तुकडे आणलेत का?" तुकडे बादलीच्या पाण्याबरोबर नालीत गेले होते.

लक्ष्मम्मा दवाखान्यात रडली नाही. पोरीच्या उशाशी बसून नुसती बघत राहिली. आठ दिवसांनी कुणाच्या तरी ओळखीनं नांदेडला वकिलाकडं गेली. वकील तरुण होता पण कामाचा होता. त्यानं एकच गोष्ट विचारली, "शाळेला हे आधीपासून माहीत होतं का? माहीत असून काही केलं नसेल तर जिम्मेदारी शाळेची. पोरीचा इलाज, भरपाई, पुढचं सगळं. माहीतच नव्हतं म्हणाले तर मग वर्षानुवर्षं घासत बसावं लागेल."

"म्हाईत होतं," लक्ष्मम्मा म्हणाली. "म्याडमनं टाचनात लिव्हलंय. हेडसरची सही हाय. तीन बार. मी माज्या डोळ्यानं बघितलंय."

वकिलानं ते तक्रारीत जसंच्या तसं घातलं. तालुक्यावरून चौकशी लागली. पत्र शाळेत आलं, तसं अण्णांनी तनुजाला ऑफिसात बोलावलं. हेडसर बसलेलेच होते.

"काय लिहिलंय गं तू टाचणात?"

तनुजानं वही आणली आणि पान उघडून टेबलावर ठेवली. खोटं कशाला सांगा, तिच्या मनात तेव्हा थोडा अभिमानच होता. सगळी शाळा झोपली होती, मीच एक जागी होते. आपल्यावर नाव येणार नाही, ही खात्री होती. हेडसरांनी आपलीच सही तीन ठिकाणी बघितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते टाचण वाचत होते.

अण्णा मात्र हसले. "अक्षर मात्र झकास हाय हां तुजं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णा तनुजाच्या घरी आले. आजवर कधी आले नव्हते. यशोदाबाईनं घाईघाईनं चुरमुऱ्यांचा सुशीला परतला, चहा टाकला. अण्णांनी दोन घास खाल्ले, सासूच्या हाताचं कौतुक केलं आणि मग सहज म्हणाले, "पोरगी आमची गुणाची हाय. तिची फाईल उद्याच लातूरला धाडायची म्हणून राहिलो. फकस्त ही चौकशी निपटली पाहिजे. शाळाच ठपक्यात आली तर अनुदान राहतं का न राहतं, देव जाणे. मग काय तुजी फाईल अन काय आमची."

तनुजा दाराशी उभी होती. "अण्णा, पण जे लिहिलंय ते..."

"लिहिलेलं तुजंच हाय ना? मग परत लिही की. टाचण खराब झालं, भिजलं, नवीन उतरवलं. त्यात काय पाप हाय? पोरीची बोटं तर आता येणार न्हाईत. जी वाचती ती भाकर तर वाचव." ते उठले, यशोदाबाईला नमस्कार केला आणि गेले.

ते गेल्यावर यशोदाबाई एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं फुकट राबलीस. आता घास तोंडाशी आलाय तर हात झटकू नकोस बाई." आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तनुजाला त्याच गोडव्यानं मारलं. शिव्या दिल्या असत्या तर कदाचित ती हटून बसली असती.

रविवारी सकाळी ती हेडसरांच्या घरी गेली. ओसरीवर नवी कोरी वही, आखायला पट्टी, तीन रंगांची पेनं मांडून ठेवली होती. जूनपासून सप्टेंबरपर्यंतचं टाचण तिनं एका बैठकीत उतरवून काढलं. शेजारी हेडसर बसले होते, पान झालं की सही करायचे. दर चार पानांनी पेन बदलायचे, एखादी सही मुद्दाम वाकडी काढायचे. या कामात त्यांचं डोकं फार चालायचं. नागपंचमीच्या आठवड्यातलं पान आलं तेव्हा तनुजाचा हात थांबला. हेडसर म्हणाले, "लिहा. घटक पूर्ण." तिनं लिहिलं. पोळ्याच्या आधीचं आलं, "घटक पूर्ण." महालक्ष्म्यांनंतरचं आलं, "घटक पूर्ण." अक्षर तेच, तितकंच सुंदर. हेडसरांच्या बायकोनं मध्ये दोनदा चहा आणला आणि विचारलं, "मॅडम, साखर बरोबर हाय ना?" दुपारी जुनी वही अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. पुठ्ठा जळायला जरा वेळ लागला. नवी वही जुनी दिसावी म्हणून अण्णांच्या ड्रायव्हरनं ती तीन दिवस मोटारसायकलच्या सीटखाली दाबून फिरवली.

तनुजानं स्वतःची समजूत काढली. माणूस अशा वेळी फार हुशार होतो. सही तर हेडसरांची होती, माझी काय चूक? मी लिहिलं होतं, हे तर खरंच आहे ना, जळालं म्हणून काय झालं? पोरीला सरकारकडून काहीतरी मिळेलच. आपली नोकरी पक्की झाली की आपणच पोरीला मदत करू. असं करत करत तिनं मनात अंबिकाची फीसुद्धा भरून टाकली.

चौकशी शाळेतच बसली, हेडसरांच्या खोलीत. तालुक्याचे विस्तार अधिकारी मधे, बाजूला त्यांचा लिहिणारा कारकून. अण्णा एका बाजूला पाय पसरून बसलेले. वकिलाला आत यायची परवानगी नव्हती, तो बाहेर लिंबाखाली उभा राहिला. लक्ष्मम्मा अंबिकाला घेऊन आली होती. पोरीचा हात अजून पांढऱ्या पट्टीत होता. आत येताच लक्ष्मम्मानं तनुजाला बघून मान हलवली. या खोलीत आपलं कोणी असेल तर ही म्याडम, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तनुजानं खाली बघितलं.

साहेबांनी विचारलं, "बाई, शाळेला माहीत होतं असं तुम्ही म्हणता. लेखी तक्रार दिली होती का?"

"न्हाई साहेब. मी अर्ज आनला होता, म्याडम म्हनल्या कशाला, मी टाचनात लिव्हलंय. सही बी दाखवली. काढा की ते टाचन."

हेडसरांनी वही दिली. साहेबांनी पान उलटलं, मोठ्यानं वाचलं. "नऊ तारीख. घटक पूर्ण. पुढं, घटक पूर्ण." ते शांतपणे सगळी पानं बघत गेले. "यात असं काही नाही बाई."

लक्ष्मम्माला वाटलं, साहेबाला सापडत नसेल. ती उठून टेबलापाशी आली. "म्याडम, दाखवा ना त्यास्नी. तुमालाच ठावं हाय कुठं ते."

सगळ्यांच्या नजरा तनुजाकडं वळल्या. अण्णा पायातल्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत होते. तनुजा म्हणाली, "असं काही मी लिहिलं नव्हतं साहेब."

लक्ष्मम्मानं दोनदा तिच्या तोंडाकडं बघितलं, नीट ऐकू आलं नाही अशासारखं. मग मागं सरकली आणि पोरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली.

साहेबांनी चष्मा काढला. "मग हेडमास्तर, तुम्हाला या प्रकाराची कल्पना कोणी दिली नव्हती?"

"बिलकुल न्हाई साहेब," व्यंकटराव म्हणाले, आणि एक श्वासही न घेता पुढं बोलले, "वर्गशिक्षिकेचं कर्तव्य होतं कळवायचं. त्यांनी लेखी सोडा, तोंडीसुद्धा सांगितलं न्हाई. त्यांना माहीत होतं, हे आता त्या बाईच्या बोलण्यावरनंच कळलं. म्हणजे चूक कुणाची हे तुम्हीच बघा."

अण्णांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि साहेबांसमोर ठेवला. "संस्थेनं कारवाई केलेली हाय साहेब. आमी कोनाला पाठीशी घालत नसतो." कागद तनुजाच्या निलंबनाचा होता. टाईप करून, शिक्का मारून, तारीख दोन दिवस आधीची. म्हणजे वही सीटखाली मुरत होती तेव्हाच कागद तयार होता.

फाईल लातूरला गेलीच नव्हती, जाणारही नव्हती. जी वही तिला वाचवणार होती ती तिनंच आपल्या हातानं जाळायला दिली होती, आणि तिच्या जागी जे ठेवलं होतं त्यातल्या प्रत्येक ओळीला तिचंच अक्षर साक्ष होतं. आता मात्र तिला कंठ फुटला. ती सगळं बोलली. तीनदा लिहिलं होतं, हेडसरांची सही होती, रविवारी नवी वही करून घेतली, जुनी बंबात जाळली. रडत बोलली, हात जोडून बोलली. बोलली ते अक्षर न अक्षर खरं होतं. पण खरं बोलली ती अंबिकासाठी नव्हे, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

साहेबांनी वही तिच्यापुढं धरली. "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"कोणी धरून लिहून घेतलं का?"

साहेब कारकुनाला थांबवून लक्ष्मम्माकडं वळले. दुपारचे दोन वाजत आले होते, त्यांना अजून एका शाळेत जायचं होतं. "बाई, या मॅडम आता म्हणतात की लिहिलं होतं. तुमची तक्रारही तीच आहे. मग यांचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का, सांगा."

बाहेर लिंबाखाली वकील होता. तो आत असता तर त्यानं तिचा हात दाबला असता, अक्का, हो म्हणा, म्हणाला असता. पण तो बाहेर होता. लक्ष्मम्मा तनुजाकडं बघत होती. ह्याच बाईवर तिनं पोरगी सोडली होती. ह्याच बाईनं घडीभरापूर्वी तिच्या पोरीच्या देखत, असं काही लिहिलं नव्हतं म्हटलं होतं. आता स्वतःची नोकरी जायला लागली तशी आठवण आली.

"साहेब," लक्ष्मम्मा म्हणाली, "ह्या बाईचं एक बी आक्षर खरं धरू नका. खोटी बाई हाय ही."

तनुजा पुढं झाली. हळू आवाजात म्हणाली, "अक्का, असं म्हणू नका. तुमचीच केस जाईल. मी आता खरं सांगते आहे."

"तुमी माज्याशी बोलू नका," लक्ष्मम्मा म्हणाली आणि तिच्याकडं पाठ केली.

"म्हणजे यांचं म्हणणं मान्य नाही?" साहेबांनी परत विचारलं.

"न्हाई मान्य."

"लिहा," साहेब कारकुनाला म्हणाले. कारकुनानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. शाळेस पूर्वकल्पना होती हे शिक्षिकेचे म्हणणे खोटे असल्याचे तक्रारदार यांनी स्वतः सांगितले, सबब सदर मुद्द्यावर पुढील चौकशीची गरज दिसून येत नाही. लक्ष्मम्माला त्यातलं खोटी एवढंच कळलं आणि तिनं मान डोलावली, बरोबर म्हणून. अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते. तनुजा तोंडावर पदर दाबून खिडकीशी उभी होती. एकदा ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं, पण तिचं कोण ऐकणार होतं.

कागद लक्ष्मम्मापुढं आला. तो पंख्यानं उडत होता म्हणून अंबिकानं डाव्या हातानं दाबून धरला. शाईचा पॅड हेडसरांनी स्वतः उठून पुढं सरकवला, आणि अंगठा उमटवून झाल्यावर बोट पुसायला बाईला आपला रुमाल दिला.